स्क्रीन, पुस्तक आणि अडीच वर्षांच्या मुलीचे शब्द : ठाण्यातील एक प्रकरण

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गृहसंकुलात राहणारी ही मुलगी आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा दोन वर्षे पाच महिन्यांची होती. बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर 'वयाच्या मानाने बोलणे कमी' एवढेच लिहिलेले होते. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या घरातील परिस्थिती ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात सर्रास दिसते, आणि तिला 'मोबाइल बंद करा' हा एका ओळीचा सल्ला का पुरत नाही हे सविस्तर मांडण्यासारखे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

कुटुंब आणि तक्रार

घरात आई, वडील आणि वडिलांची आई अशी तीन मोठी माणसे आहेत. वडील ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करतात, आई अंधेरीला. दोघेही सकाळी आठच्या आत बाहेर पडतात. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रस्ता कोणत्या दिवशी किती वेळ घेईल याचा भरवसा नसल्याने संध्याकाळी घरी पोहोचायला आठ वाजणे हे नेहमीचेच झाले आहे. म्हणजे मुलगी जागी असते त्या वेळेचा मोठा भाग ती आजींजवळ असते. आजींचे वय सत्तरीच्या घरात असून त्यांना गुडघेदुखीचा त्रास आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी आपली बाजू स्वच्छ मांडली : "मॅडम, माझे गुडघे धरलेत. ही धावली तर मी मागे कुठे धावणार? टीव्ही लावला की एका जागी बसते, आणि मोबाइल दिला की चार घास जास्त जातात." स्क्रीनविषयी सल्ला देणाऱ्याने आधी हे वाक्य ऐकून घेतले पाहिजे, असे माझे मत आहे. कारण या घरात स्क्रीन ही चैन नव्हती. ती दिवसाचे आठ-दहा तास मूल सांभाळण्याच्या व्यवस्थेचा भाग होती.

आई-वडिलांची तक्रार मात्र गोंधळाची होती. मुलगी एक ते दहा आकडे, सात-आठ रंग आणि इंग्रजी मुळाक्षरे म्हणून दाखवत असे. हत्ती, जिराफ, गेंडा यांची इंग्रजी नावे तिला येत होती. त्यामुळे 'तिला शंभरावर शब्द येतात' अशी त्यांची समजूत होती. तीच मुलगी तहान लागली की काही न बोलता आईचे बोट धरून तिला फ्रिजकडे ओढत नेत असे. एका नर्सरी शाळेच्या प्रवेशासाठी झालेल्या भेटीत मुलाशी घरीही इंग्रजीतच बोला असे सुचवण्यात आल्यापासून आई-वडील तिच्याशी मोजक्या इंग्रजी वाक्यांत बोलू लागले होते. आजींना इंग्रजी येत नाही, त्यामुळे 'आपलं बोलणं तिच्या शिक्षणाच्या आड येतंय की काय' या भीतीने त्याही गप्प राहू लागल्या होत्या.

तपासणी आणि नोंदी

अशा प्रकरणात पहिले पाऊल स्क्रीनविषयीच्या प्रश्नांचे नसते. आधी श्रवणचाचणी करून घेतली. दोन्ही कानांचे ऐकणे व्यवस्थित होते. या वयात वारंवार होणाऱ्या सर्दीमुळे मधल्या कानात पाणी साचून ऐकणे कमी-जास्त होऊ शकते, म्हणून तीही शक्यता तपासली. स्वमग्नतेची प्राथमिक चाळणी म्हणून वापरली जाणारी एम-चॅट प्रश्नावली भरून घेतली. मुलगी बोट दाखवून वस्तू दाखवत होती, नाव घेतल्यावर वळून बघत होती, खेळण्यातल्या कपातून बाहुलीला चहा पाजत होती. दोन पायऱ्यांची साधी मराठी सूचना तिला समजत होती. आकलन आणि सामाजिक देवाणघेवाण ठीक, पण स्वतःचे बोलणे मागे, असे चित्र होते.

त्यानंतर शब्दांची यादी केली. मोजण्याचा नियम असा ठरवला की, जो शब्द मूल आपणहून, योग्य वस्तूसाठी किंवा हेतूसाठी, वेगवेगळ्या प्रसंगी वापरते तोच धरायचा; गाण्याच्या ओघात येणारा शब्द धरायचा नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्हींतले शब्द एकत्र मोजायचे, कारण दोन भाषा कानावर पडणाऱ्या मुलाची शब्दसंपत्ती एकाच भाषेत मोजली तर ती खोटीच कमी दिसते. या चाळणीतून शंभराचे 41 शब्द उरले. त्यांतही रंग, आकडे आणि प्राणी यांचीच गर्दी. क्रियापदे जेमतेम चार, त्यांपैकी 'दे' आणि 'नको' ही दोनच रोजच्या वापरातली. दोन शब्द जोडून बोलणे जवळजवळ नव्हते. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत सुमारे 50 शब्द आणि दोन शब्दांच्या जोड्या ही तज्ज्ञांमध्ये वापरली जाणारी ढोबळ किमान रेषा आहे. ते वय उलटून पाच महिने झाले असताना ही मुलगी त्या रेषेच्या अलीकडेच होती.

मला या यादीतील एकूण आकड्यापेक्षा तिची घडण अधिक बोलकी वाटली. प्राण्याचे नाव स्क्रीनवरच्या चित्राशी जोडता येते. पण 'उघड', 'सांडलं', 'सोल', 'पुस', 'थांब' हे शब्द हातात काहीतरी चालू असताना आणि त्याच क्षणी कोणीतरी बोलत असतानाच कानावर पडतात. तसे क्षण या मुलीच्या दिवसात फार थोडे उरले होते.

आठवडाभराची दैनंदिनी ठेवायला सांगितली. आईने पहिल्या भेटीत 'रोज दीड तास मोबाइल' असा अंदाज दिला होता. दैनंदिनीत कामाच्या दिवशी तो तीन तासांच्या आसपास निघाला, कारण प्रत्येक जेवणाचा वेळ अंदाजात धरलेलाच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तासाची मर्यादा सुचवली आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही दोन ते पाच वर्षांसाठी एक तासाचीच मर्यादा सांगतात आणि दोन वर्षांखालील मुलांसाठी नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीन नको म्हणतात. तेव्हा तीन तास हा आकडा जास्त होताच. खरी नोंद मात्र वेगळ्या रकान्यात सापडली. हॉलमधला टीव्ही सकाळच्या भक्तिगीतांपासून दुपारच्या मालिकांच्या पुनःप्रसारणापर्यंत आणि संध्याकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चालू असे. तो मुलीसाठी लावलेला नव्हता, म्हणून तिच्या 'स्क्रीनटाइम'मध्ये तो कोणीच मोजला नव्हता.

मागे चालू राहणाऱ्या टीव्हीविषयी 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. लहान मुलांच्या कपड्यात ध्वनिमुद्रणाचे छोटे यंत्र ठेवून घरातील बोलणे मोजले, तेव्हा टीव्हीचा आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे 770 ने कमी आढळले. ऑस्ट्रेलियातील 220 कुटुंबांचा 2024 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच पद्धतीचा आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास स्क्रीनच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे सरासरी 6.6 शब्द, मुलाचे 4.9 उच्चार आणि बोलण्याची 1.1 देवाणघेवाण कमी झाल्याचे त्यात दिसले. हे आकडे परदेशातील आहेत आणि ते फक्त संबंध दाखवतात, हे मान्य करूनच ते वाचावेत. तरी त्यांतून सुचणारी गोष्ट या घरात डोळ्यांना दिसत होती : टीव्ही लागला की आजी बोलायच्या थांबत.

आजींनी यावर बिनतोड वाटणारा सवाल केला. "मालिका मराठीच आहेत ना? मग कानावर मराठी पडतंच की." हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवण्याचा 2003 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितला. समोर बसून खेळवणाऱ्या व्यक्तीकडून ती भाषा ऐकलेल्या बाळांना तिचे ध्वनी वेगळे ओळखता आले; त्याच व्यक्ती टीव्हीवर पाहिलेल्या बाळांना ते जमले नाही. आजींना प्रयोगापेक्षा त्यांच्याच नातीचे उदाहरण जास्त पटले. मालिकेतली सासू कितीही बोलली तरी नातीने दाखवलेल्या बोटाकडे ती पाहत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आले.

काय ठरवले आणि काय जमले

सगळे एकदम बदलायचे नाही, हे सुरुवातीलाच ठरले. मुलगी जागी असताना दुपारचा टीव्ही बंद ठेवायचा आणि आजींच्या मालिका तिच्या झोपेच्या वेळेत घ्यायच्या. संध्याकाळची एक आवडती मालिका आजींनी निवांत पाहावी, तेवढ्या वेळात जो आधी घरी येईल त्याने मुलीला सोसायटीच्या बागेत न्यावे. आजींची करमणूक काढून घेणारी कोणतीही योजना चार दिवसांत मोडली असती, आणि मोडायलाच हवी होती.

जेवणाच्या वेळचा मोबाइल सोडवणे सर्वांत कठीण गेले. पहिल्या आठवड्यात मुलीने ताट ढकलून दिले, रडून घर डोक्यावर घेतले, आणि एका दुपारी आजींनी कंटाळून मोबाइल दिलाही. बालरोगतज्ज्ञांकडे वजन पाहून घेतले. ते घटले नव्हते, तेव्हा घरच्यांचा धीर वाढला. मुलीला भरवण्याऐवजी तिच्या ताटात तिच्या हाताने खाता येईल असे थोडेच वाढायचे आणि तिच्याबरोबर आजींनीही जेवायचे, या साध्या बदलाने काम सोपे झाले. जेवताना समोर मोबाइल नसला की माणसे आपोआप ताटातल्या गोष्टींविषयी बोलतात.

व्हिडिओ कॉल मात्र चालू ठेवला. मुलीचे आजोळ साताऱ्याला आहे आणि आजोबा रोज संध्याकाळी फोनवर तिला गोठ्यातले वासरू दाखवतात. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, थेट व्हिडिओ कॉलवर प्रतिसाद देणाऱ्या व्यक्तीकडून मुले नवी क्रियापदे शिकली. तशाच पण आधी चित्रित केलेल्या, प्रतिसाद न देणाऱ्या व्हिडिओतून शिकली नाहीत. आजोबा 'कोण आलंय बघ' म्हणून नातीच्या उत्तरासाठी थांबत असत, आणि ते थांबणे पुरेसे होते.

भाषेविषयी मी स्पष्ट मत दिले : ज्याला जी भाषा सहज येते तीत त्याने मुलीशी बोलावे. आईची इंग्रजी उत्तम आहे, पण ती कार्यालयाची इंग्रजी. 'साय धर', 'पीठ चाळू या', 'पदर सोड ग' हे त्या इंग्रजीत म्हणायला गेले की म्हणणेच राहून जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हणते. वडिलांना हे पटायला वेळ लागला. त्यांना व्हॉट्सॲपवर 'तीन कोटी शब्दांची दरी' (गरीब आणि सुस्थितीतील घरांत लहानपणी मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांतील फरक) हा मजकूर आला होता आणि रोज किती शब्द बोलायचे याचे लक्ष्य त्यांना हवे होते. तो आकडा अमेरिकेतील कॅन्सस येथील 42 कुटुंबांच्या निरीक्षणावरून 1995 साली मांडला गेला. महिन्यातून तासभराच्या नोंदींवरून वर्षांचा हिशेब केलेला असल्याने त्यावर पुढे बरीच टीका झाली आहे. त्यावरून घरात शब्दांचा हजेरीपट ठेवण्यात काही अर्थ नव्हता. एकच पाहा असे त्यांना सांगितले : आपण बोललो, ती बोलली किंवा तिने काही दाखवले, त्यावर आपण पुन्हा बोललो, असे किती वेळा झाले.

पुस्तकांचा भाग मुद्दाम शेवटी घेतला, कारण तो आजींच्या हाती होता आणि त्यांना वेळ हवा होता. घरात मुलांची मराठी पुस्तके नव्हती. नॅशनल बुक ट्रस्टची काही चित्रपुस्तके आणली. आईने प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुक्त संग्रहातील मराठी गोष्टी छापून, कडेला टाचून दिल्या. त्या टॅबवर वाचता आल्या असत्या, पण कागदच बरा ठरला, कारण टॅब हाती आला की मुलीचे बोट आधी व्हिडिओच्या चिन्हाकडे जात असे.

आईने चित्रित करून पाठवलेल्या पहिल्या वाचनात आजी चष्मा लावून, पोथी वाचावी तसे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचत होत्या. मुलगी मध्येच पान उलटू पाहत होती आणि आजी "थांब ग, वाचू दे" म्हणून तिचा हात बाजूला करत होत्या. तिसऱ्या पानाला मुलगी उठून गेली. आजींचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही. वाचन म्हणजे एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असाच त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. त्यांना सांगितले की, अक्षरे वाचलीच पाहिजेत असे नाही. चित्रावर बोट ठेवा, एक प्रश्न विचारा, मनात पाच आकडे मोजा, आणि ती जे म्हणेल त्याला एक-दोन शब्द जोडून परत द्या. संवादी वाचनाची ही पद्धत 1988 साली अमेरिकेत दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना शिकवून पाहिली गेली. पुस्तके आणि वाचनाचा वेळ दोन्ही गटांत सारखे असूनही, महिनाभरात त्या पालकांची मुले बोलण्याच्या चाचण्यांत नुसते वाचून दाखवणाऱ्यांच्या मुलांपेक्षा काही महिने पुढे गेली होती.

काही दिवसांनंतरच्या चित्रणात बाजाराचे पान उघडे आहे. आजी विचारतात, "ही बाई काय करतेय?" मुलगी गप्प. आजींचे ओठ हलताना दिसतात. त्या आकडे मोजत आहेत. चारपर्यंत आल्यावर मुलगी म्हणते, "भाजी." आजी : "हो, भाजी निवडतेय. मेथी निवडतेय." मुलगी बोट टोपलीतून पडलेल्या वांग्याकडे नेते : "पडला." आजी : "पडलं ना वांगं! आता कोण उचलणार?" मुलगी उठून खरोखरच चित्रातले वांगे उचलल्यासारखे करते. दुसऱ्या दिवशी आजी मेथीची जुडी घेऊन बसल्या तेव्हा मुलगी शेजारी येऊन "मेथी निवडते" म्हणाली. दोन शब्दांची, तीही क्रियापदासह, आपणहून केलेली ही तिची पहिली नोंदवलेली जोडी आहे. मराठीत वांगे पडले, मिरची पडली आणि कांदा पडला ही तीन वेगळी रूपे मुलाला कानाने उचलावी लागतात. आजींनी तिला चूक न दाखवता बरोबर रूप परत दिले, हे कोणीही न शिकवता त्यांना जमत होते.

आईची पुढची चिंता अशी की, मुलगी तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते, मग नवे शब्द कसे येणार? पण तीन वर्षांच्या मुलांवरील 2011 च्या एका अभ्यासात, वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांना त्यांतील नवे शब्द अधिक लक्षात राहिले होते. त्यामुळे पुस्तकांची संख्या वाढवण्याची घाई केली नाही.

परिणाम, आणि त्यातून किती ठरवावे

तीन महिन्यांनी त्याच नियमाने केलेल्या यादीत 128 शब्द होते आणि त्यांतील 31 क्रियापदे होती. मला ही दुसरी संख्या महत्त्वाची वाटते. त्या वेळी सगळ्या वस्तूंसाठी 'पडला' हेच रूप चालू होते. तीन वर्षे दोन महिन्यांच्या वयात पुन्हा पाहिले तेव्हा शब्द मोजणे सोडून दिले होते, कारण यादी आवाक्याबाहेर गेली होती आणि पाहायची ती वाक्ये. ती तीन-चार शब्दांची झाली होती. मटार सोलताना एक दाणा सुटून टेबलाखाली गेला तेव्हा ती म्हणाली, "आजी, घरंगळला बघ." हा शब्द कोणत्याही पुस्तकात आलेला नव्हता, तो आजींच्या तोंडचा होता.

एका घरावरून कारण सिद्ध होत नाही. बोलायला उशीर झालेली बरीच मुले शाळेच्या वयापर्यंत आपोआपच समवयस्कांना गाठतात, आणि आमची नोंद नऊ महिन्यांची आहे. तेवढ्या काळात काही वाढ कोणत्याही परिस्थितीत झालीच असती. शिवाय टीव्ही, जेवण, भाषा आणि पुस्तके असे सगळे बदल जवळजवळ एकत्र झाले, त्यामुळे कोणत्या बदलाचे किती हे वेगळे काढता येत नाही. एक नोंद मात्र विचारात घेण्याजोगी आहे. दुसऱ्या महिन्यात आजी पंधरवडाभर गावी गेल्या. त्या काळात मुलगी दिवसभर पाळणाघरात होती आणि तेथे टीव्ही अजिबात नव्हता. म्हणजे स्क्रीन घरच्यापेक्षाही कमी झाली. तरी आईच्या वहीत त्या दिवसांत नवे शब्द फारसे पडलेले नाहीत. त्या एका खोलीत अठरा मुले आणि दोन मावशी होत्या. आजी परतल्यावर शब्दांचा ओघ पुन्हा सुरू झाला. रिकाम्या झालेल्या वेळात मुलाशी बोलणारे माणूस नसेल तर नुसती स्क्रीन काढून फार काही हाती लागत नाही, असे मी यावरून मानते. अर्थात पंधरा दिवसांच्या नोंदीवर जेवढे मानता येते तेवढेच.

स्क्रीन आज या घरातून गेलेली नाही. रविवारी सकाळी वडील आणि मुलगी मिळून अर्धा तास प्राण्यांचे व्हिडिओ पाहतात, आणि वडील मध्येच थांबवून प्रश्न विचारतात. संध्याकाळचा टीव्ही क्रिकेटच्या मोसमात पुन्हा लांबतो. रात्री जेवताना वडिलांचा स्वतःचा फोन अजूनही ताटाशेजारी असतो. त्यावर आईचे आणि माझे एकमत आहे, वडिलांचे नाही.

जूनपासून मुलगी इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जाऊ लागली आहे. पहिले काही आठवडे ती वर्गात गप्प राहण्याची शक्यता आहे. नवी भाषा ऐकणाऱ्या मुलांमध्ये असे होणे नेहमीचे असते आणि ते जुन्या अडचणीचे लक्षण समजू नये, असे पत्र शिक्षिकांना दिले आहे. घरी मात्र मराठीच चालू ठेवायची आहे. चौथ्या वाढदिवसाच्या सुमारास पुन्हा तपासणी ठरली असून त्या वेळी तिला चित्रे दाखवून गोष्ट सांगायला लावणार आहोत. वाक्ये एकमेकांना 'आणि मग', 'म्हणून', 'पण' यांनी जोडता येतात का, हे तेव्हा पाहायचे आहे.